आठ ताटांची गोष्ट

परवा दादाचा फोन आला. दादा कोण हे आमच्या घरच्यांना सांगायला नको, पण बाकीच्या मंडळींसाठी सांगते. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. गुहागरच्या बाजूला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, ती तोच बघतो. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याने रस्त्यावर 'घरगुती जेवणाची सोय' अशी पाटी लावली आणि वहिनीने चार-सहा माणसांना जेवू घालायला सुरुवात केली. आता सुट्टीच्या दिवसांत ओटीवर, पडवीत, खळ्यात पंगती बसतात. आपल्या पाळीची वाट बघत लोक गाडीत एसी लावून बसलेले असतात!

तर दादाच्या डोक्यात आता असं आहे, की मागची थोडी पोफळी तोडायची आणि तिथे घसरगुंड्या, पाळणे, छोटासा वॉटरपार्क काढायचा. कर्ज मिळतंय. "तू डिस्नेलँडच्या शेजारी राहतेस, तुला यातलं कळत असेल. जरा माहिती काढून सांग ना," म्हणाला.

शेजारी राहून कळत असतं तर समुद्राकाठी वाढलेल्या आम्हा सगळ्यांना जाळं टाकता आलं असतं. पण विषय डोक्यात राहिला आणि लक्षात आलं, की डिस्नेलँड हे दादाच्या उपयोगाचं उदाहरणच नाही. तिथे आधी कल्पना, मग नकाशे, मग टीव्ही कंपनीशी करार, आणि सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर खर्चून साधारण एका वर्षात सगळं उभं! १९५४ च्या उन्हाळ्यात काम सुरू आणि १७ जुलै १९५५ ला उद्घाटन. आपल्या वाडीशी याचा काय संबंध?

पण डिस्नेलँडपासून जेमतेम दहा-अकरा किलोमीटरवर, ब्वेना पार्क नावाच्या गावात, दुसरं एक पार्क आहे. नॉट्स बेरी फार्म. डिस्नेलँडपेक्षा जुनं. त्याची गोष्ट मात्र अगदी आपल्या ओटीवरची वाटावी अशी आहे. दादाला फोनवर सगळं सांगणं जमलं नसतं, म्हणून इथे लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचा.

मी तिथे पहिल्यांदा नीट बघत फिरले ती २००७ साली, आई इकडे आली होती तेव्हा. त्याआधी पोरांना घेऊन दोनदा गेले होते, पण तेव्हा रांगा, पाण्याच्या बाटल्या आणि 'आई, शू' यापलीकडे काही बघितलं नव्हतं. आई पाळण्यात बसणार नव्हती हे उघडच होतं. म्हणून आम्ही आधी जेवायला गेलो. पार्कच्या फाटकाबाहेरच 'मिसेस नॉट्स चिकन डिनर रेस्टॉरंट' आहे. आई शाकाहारी, त्यामुळे तिच्या वाट्याला बिस्किटं (म्हणजे आपली चहातली नव्हेत, गरम मऊ पावासारखी असतात ती), भाज्या आणि शेवटी बॉयझनबेरीचा पाय. तोही तिला आवडला. खाता खाता मी तिला मेनूकार्डावरून आणि भिंतीवरच्या जुन्या फोटोंवरून जमेल तशी गोष्ट सांगत होते. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "म्हणजे ही खानावळच की गं!"

बरोब्बर. खानावळच.

वॉल्टर नॉटचा जन्म १८८९ चा, सॅन बर्नार्डिनोचा. १९११ साली त्याचं कॉर्डेलियाशी लग्न झालं. शेतीची हौस जबर. १९१४ च्या सुमाराला सरकारी जमीन कसून आपली करायची म्हणून हे जोडपं मोहावीच्या वाळवंटात जाऊन राहिलं. वाळवंटात शेती, मग व्हायचं तेच झालं. पीक नाही, पाणी नाही. पोटासाठी वॉल्टरने जवळच्या कॅलिको नावाच्या ओसाड पडलेल्या चांदीच्या खाणगावात मजुरी केली. (हे गाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.) मग तिथून शँडन नावाच्या गावी कुळाने शेती. तिथे कॉर्डेलियाने घरी गोळ्या-मिठाई करून विकली आणि संसाराला हात दिला. म्हणजे या घरात स्वयंपाकघराने शेताला आधार देण्याची रीत पहिल्यापासूनची!

१९२० मध्ये ते ब्वेना पार्कला आले. एका नातेवाइकाबरोबर भागीदारीत २० एकर जमीन खंडाने घेतली आणि बेरी लावल्या. समोरून जाणारा रस्ता समुद्राकडे जायचा. रविवारी लोक मोटारी घेऊन किनाऱ्यावर निघायचे, म्हणून रस्त्याच्या कडेला एक टपरीवजा मांडव टाकून तिथे बेरी विकायला ठेवल्या. वाडीसमोरच्या रस्त्याला शहाळी आणि कोकम सरबत मांडून बसणाऱ्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही. १९२७ मध्ये त्यांनी १० एकर विकत घेतले. १९२८ मध्ये पक्की इमारत बांधली. एका भागात बेरीचं दुकान, एका भागात रोपं आणि एका भागात कॉर्डेलियाबाईंची छोटी 'टी रूम'. चहा, सँडविच, पाय, जॅम.

आणि दुसऱ्याच वर्षी, १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळला. महामंदी आली.

या मंदीच्या काळात दोन गोष्टी घडल्या. पहिली बेरीची. अमेरिकेच्या कृषी खात्यातला जॉर्ज डॅरो हा माणूस बॉयझन नावाच्या कुणीतरी तयार केलेल्या एका मोठ्या बेरीच्या शोधात वॉल्टरकडे आला. वॉल्टरने ते नाव ऐकलेलंच नव्हतं. शोधाशोध केल्यावर रुडॉल्फ बॉयझन सापडला जवळच्या अ‍ॅनाहाइममध्ये. तिथल्या बागांची देखरेख हे त्याचं काम. तो म्हणाला, तो प्रयोग मी केव्हाच सोडून दिला. मग सगळे त्याच्या जुन्या शेतावर गेले, तर तणात गुदमरलेल्या काही मरगळलेल्या वेली अजून तग धरून होत्या. वॉल्टरने त्या आपल्या शेतात आणून लावल्या, जगवल्या, आणि १९३२ पासून ती फळं विकायला लागला. अंगठ्याएवढी टपोरी, जांभळट लाल, आंबटगोड. तिला नाव दिलं बॉयझनबेरी. स्वतःचं नाव न देता ज्याने ती जन्माला घातली त्याचं दिलं, हे मला फार आवडलं. आज जगात कुठेही बॉयझनबेरी पिकत असली तरी तिचं मूळ या शेतापर्यंत जातं असं सांगतात.

दुसरी गोष्ट आठ ताटांची. जून १९३४. पैशांची ओढाताण होतीच. एका संध्याकाळी कॉर्डेलियाने टी रूममध्ये आठ जणांना पूर्ण जेवण वाढलं. तळलेलं चिकन, कुस्करलेला बटाटा, ग्रेव्ही, भाजी, गरम बिस्किटं आणि शेवटी बेरीचा पाय. ताटाला ६५ सेंट. आणि वाढलं कशात? तर तिच्या लग्नात आलेल्या चिनी मातीच्या बशांमध्ये! हॉटेलची भांडी होतीच कुठे?

हे वाचलं तेव्हा मला वहिनीचा पहिला उन्हाळा आठवला. तिनेही रुखवतातली ताटं काढली होती. काकू कुरकुरली होती, त्याला ओरखडे येतील म्हणून.

पुढे काय झालं ते ओळखायला सोपं आहे. तोंडी जाहिरात. मुलं वाढायला, भांडी घासायला. टेबलं वाढली, खोल्या वाढल्या, आणि तरी रांग वाढतच गेली. दहाच्या आत वर्षांत, म्हणजे १९४० च्या सुमारास, एका रविवारी चार हजारांपर्यंत जेवणं जायची! लोक दोन-दोन, तीन-तीन तास थांबायचे.

आता यातली खरी गंमत इथून पुढे आहे. दादा, इथे नीट वाच.

वॉल्टरपुढचा प्रश्न 'अजून गिऱ्हाईक कसं आणू' हा नव्हता. गिऱ्हाईक दारात उभं होतं, उन्हात, कडेवर पोर घेऊन. प्रश्न असा होता, की हे लोक थांबलेत तोवर त्यांना बरं कसं वाटेल? म्हणून त्याने आधी केलं ते अगदी किरकोळ. दगडांची बाग, त्यात छोटासा धबधबा. काचेच्या पेटीत मधमाश्यांचं पोळं, आत माश्या काम करताना दिसतात असं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरातल्या शेकोटीची नक्कल. एक छोटा खोटा ज्वालामुखी. या कशालाही तिकीट नव्हतं. बघा, हिंडा, तुमचा नंबर आला की हाक मारू.

मग १९४० मध्ये त्याने मोठं काम काढलं. वॉल्टरची आजी १८६८ साली टेक्सासहून कॅलिफोर्नियाला छपराच्या बैलगाडीतून वाळवंट तुडवत आली होती, कडेवर वॉल्टरची आई, तेव्हा तान्ही. या प्रवासाच्या गोष्टी त्याने आजीच्या तोंडून लहानपणी ऐकल्या होत्या. आजीची ती गोष्ट लोकांना दाखवायची म्हणून एक मोठं चित्र आणि त्याच्याभोवती देखावा उभारायचा असं ठरलं. तो ठेवायला जुनी इमारत हवी, इमारतीला शेजार हवा, शेजाराला रस्ता हवा... असं करता करता तिथे आख्खं जुनं गावच झालं. त्याला म्हणतात घोस्ट टाउन. काही घरं ओसाड पडलेल्या गावांतून उचलून आणलेली, काही जुनं लाकूड वापरून नव्याने बांधलेली. लोहार खरा, भाता खरा.

इथे एक गोष्ट बोलून टाकते. ही सगळी गाडीतून आलेल्यांची गोष्ट आहे. ज्यांच्या मुलखातून त्या गाड्या गेल्या त्या मूळ रहिवाशांचा कोपरा पार्कात बऱ्याच उशिरा आला. आजीच्या गोष्टीत आजीच नायिका असते, तसंच हे. वॉल्टरची राजकीय मतंही पक्की उजवीकडची होती, आणि फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलची विटेला वीट जुळवून केलेली प्रतिकृती त्याने १९६६ मध्ये रस्त्यापलीकडे बांधली ती त्याच भक्तीतून. सगळं मला पटतं असं नाही. पण ते गाव त्याने गल्ला भरायला नव्हे, गोष्ट सांगायला बांधलं, हे मात्र दिसतं.

१९४७ मध्ये 'नॉट्स बेरी प्लेस'चं 'नॉट्स बेरी फार्म' झालं. १९५२ च्या जानेवारीत आगगाडी आली. खेळण्यातली नव्हे, कोलोरॅडोच्या डोंगरांत खरोखर धावलेली, अरुंद रुळांवरची वाफेची गाडी. तिला अर्ध्या वाटेत डाकू अडवतात आणि 'लुटतात'. आईला एवढी एक राइड मी करवली. डाकू आला तेव्हा तिने पर्स पोटाशी घट्ट धरली होती, आणि नंतर तासभर आम्ही हसत होतो. :-)

वाळवंटातलं ते कॅलिको आठवतंय? १९५१ मध्ये वॉल्टरने ते आख्खं ओसाड गाव विकत घेतलं, दुरुस्त केलं, आणि १९६६ मध्ये सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकलं. जिथे मजुरी केली ते गाव!

मग १९५५. डिस्नेलँड उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता बेरीवाल्यांचं काही खरं नाही. उद्घाटनाला नॉट पतिपत्नींनाही आमंत्रण होतं. सांगतात, की ते काळजीतच परत आले तर स्वतःच्या पार्कात गाड्या लावायला जागा नव्हती. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण एवढं नक्की, की डिस्नेलँडमुळे नॉट्स बुडालं नाही. लांबून आलेला माणूस दोन्ही बघून जायला लागला. डिस्नेकडे परीकथा, यांच्याकडे लाकूड, धूळ आणि चिकन. नक्कल केली असती तर मात्र बुडाले असते असं मला वाटतं.

मोठ्या राइड आल्या त्याही गावाच्या गोष्टीला धरून. बड हर्लबट नावाचा एक हुन्नरी माणूस होता. जागा नॉट यांची आणि राइड त्याची, अशा बोलीवर त्याने आधी मेरी-गो-राउंड आणलं, १९६० मध्ये कॅलिको खाणीतून जाणारी गाडी काढली आणि १९६९ मध्ये ओंडक्यात बसून पाण्यातून घसरायची राइड. या दोन्ही आजही चालू आहेत. खाणीच्या राइडची रांग त्याने डोंगराच्या वळणांत अशी लपवली, की किती माणसं पुढे आहेत ते कळूच नये. बघा, इथेही डोक्यात काय? थांबणारा माणूस!

१९६८ मध्ये मात्र पार्काला कुंपण पडलं. तोवर कुणीही यावं, भटकावं, बसायचं असेल त्या राइडचे पैसे द्यावेत असं होतं. आता आत शिरायलाच तिकीट, सुरुवातीला २५ सेंट. एवढं मोठं आवार मोकळं ठेवणं जमत नसणार हे कळतं. पण मला वाटतं, गोष्ट खरी बदलली ती इथे. कुंपणाआधी तुम्ही पाहुणे होतात, कुंपणानंतर गिऱ्हाईक. एक बरं झालं, कॉर्डेलियाबाईंचं रेस्टॉरंट कुंपणाबाहेर राहिलं. ते आजही बाहेरच आहे.

एप्रिल १९७४ मध्ये कॉर्डेलिया गेली. डिसेंबर १९८१ मध्ये वॉल्टर. पुढे चार मुलांनी आणि नातवंडांनी पार्क चालवलं. आता स्पर्धा वेगाची आणि उंचीची होती. १९७५ मध्ये माणसाला उलटं फिरवणारी 'कॉर्कस्क्रू' आलीच होती, १९८३ मध्ये लहान मुलांसाठी 'कॅम्प स्नूपी' झालं. एकेका राइडला लागणारा पैसा घरच्या धंद्याच्या आवाक्याबाहेर जायला लागला. १९९५ मध्ये जॅम आणि खाद्यपदार्थांचा धंदा विकला गेला. डिसेंबर १९९७ मध्ये पार्कच सीडर फेअर या ओहायोच्या कंपनीला दिलं. त्यानंतर पुढच्याच वर्षी 'घोस्ट रायडर' हा अवाढव्य लाकडी रोलरकोस्टर आला, आणखीही बरंच आलं. जुलै २०२४ मध्ये सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्स एक झाल्या. आता पाटीवर 'नॉट' आहे, पण मालकीत कुणी नॉट नाही.

हे वाचताना चुटपुट लागते खरी. पण मुलांना दोष द्यावासा वाटत नाही. आईबापांनी उभारलेलं मुलांनी जन्मभर ओढलंच पाहिजे असं थोडंच आहे? कॉर्डेलियाची मुलं लहानपणापासून तिथे राबलेली. आमचे दोन्ही भाचे आज पुण्यात नोकऱ्या करतात, त्यांनी परत येऊन घसरगुंडीचे हप्ते फेडावेत असं दादा तरी म्हणेल का?

आणि आता मला सगळ्यात आवडलेला भाग. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पार्क बंद झालं. एवढे कोटी-कोटींचे रोलरकोस्टर निमूट उभे. तेव्हा जुलैपासून त्यांनी काय केलं? राइड सगळ्या बंद ठेवून फक्त खायला लोकांना आत बोलावलं! तिकीट काढा, घोस्ट टाउनमधून अंतर ठेवून हिंडा आणि बॉयझनबेरीचे पदार्थ खा. लोक आले. आम्हीही २०२१ च्या वसंतात मास्क लावून गेलो होतो. राइड सुरू झाल्या त्यानंतर, मे २०२१ मध्ये. जे नंतर जोडलं होतं ते सगळं थांबलं, आणि पार्क पुन्हा त्या आठ ताटांवर येऊन उभं राहिलं. आई असती तर म्हणाली असती, सांगितलं नव्हतं का, खानावळ आहे म्हणून!

तर दादा, वॉटरपार्क काढ किंवा काढू नकोस, ते सांगणारी मी कोण? मी इथे बसून पोफळी वाचवायच्या गोष्टी करणं सोपं आहे, हेही मला कळतं. पण ही गोष्ट वाचून मला जे दिसलं ते असं. त्यांनी पार्क काढलं नाही. जेवण चांगलं होतं म्हणून रांग लागली, रांगेतल्या माणसाची कीव आली म्हणून धबधबा झाला, आणि घरात सांगण्यासारखी गोष्ट होती म्हणून गाव झालं. कर्ज काढून आधी पाळणे लावले आणि मग माणसं बोलावली असं झालंच नाही.

आणि दुसरं. एवढा वेळ तू फोनवर बोललास, पण वहिनीचं मत काय ते एकदाही सांगितलं नाहीस. गर्दी दुप्पट झाली तर चुलीपुढे कोण असणार आहे?

म्हणून काल मीच तिला फोन केला. आधी म्हणाली, "तुझा दादा ठरवील ते खरं." मग जरा वेळाने म्हणाली, "एक सांगू का? जेवणाला थांबलेली पोरं कुठे असतात माहितेय? मागे विहिरीवर. तो मोडका रहाट आहे ना, त्याला लोंबकळत असतात. कसा चालायचा, बैल कुठे बांधायचे, पोहरे कसले होते, नुसतं विचारून विचारून डोकं खातात. हाकललं तरी जात नाहीत."

दादा, घसरगुंडीसाठी तू जी जागा काढणार आहेस ना, ती विहिरीचीच आहे. आधी तो रहाट दुरुस्त करायला काय खर्च येईल, तेवढं सुताराला विचारून ठेव. डिसेंबरात आले की मीही लोंबकळून घेईन.